आहे किती, सुटतं किती

नाभीच्या दोन बोटं खाली एक काळपट, खरखरीत चट्टा. खाज इतकी, की झोपेतही हात तिथेच जातो. गजकर्ण समजून औषधाच्या दुकानातून आणलेलं मलम महिनोन्‌महिने चोळलेलं असतं. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. अशी तक्रार घेऊन माणूस आला की अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्याइतक्याच बारकाईनं पँटचं बटण पाहतात. जीन्सच्या बटणाची मागची धातूची टोपी पोटाला जिथे टेकते, नेमका तिथेच चट्टा असेल, तर बुरशीआधी संशय निकेलवर जातो.

बायकांना हा आजार नावानं माहीत नसला तरी चांगला ओळखीचा आहे. ‘मला खोटं कानातलं चालत नाही’ असं सांगणारी एखादी तरी बाई प्रत्येक घरात सापडते. लग्नसराईत हौसेनं घेतलेले झुमके दुसऱ्या दिवशी कान लाल करतात, तिसऱ्या दिवशी पाळीतून लस येऊ लागते आणि झुमके डब्यात जाऊन पडतात. सोन्याची कुडी घातली की कान पुन्हा शांत होतो. फरक पडतो तो दागिन्याच्या किमतीमुळे नव्हे, तर मुलाम्याखाली कोणता धातू आहे यामुळे. स्वस्त दागिन्यांत पितळेवर आधी निकेलचा थर चढवतात आणि त्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा देतात. निकेलमुळे चकाकी येते, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, वरचा मुलामा टिकायला मदत होते. कारागिराच्या दृष्टीनं हा गुणी धातू आहे. आठवड्याभराच्या घामानं वरचा मुलामा विरला की त्वचेची गाठ थेट निकेलशी पडते.

स्पर्शानं होणाऱ्या ॲलर्जींत निकेलचं नाव जगभर सर्वांत वर असतं. युरोपात साधारण दहा ते पंधरा टक्के बायकांना आणि एक ते तीन टक्के पुरुषांना निकेलचं वावडं आढळतं. हा फरक जन्मजात नाही, तो मुख्यतः टोचलेल्या कानांमुळे पडतो. भारतातल्या दवाखान्यांत केलेल्या चाचण्यांमध्येही निकेल वारंवार पहिल्या काही नावांत येतं. अमेरिकन काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटी दरवर्षी एका पदार्थाला ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरवते. २००८ साली तो मान निकेलला मिळाला.

हे वावडं एकदा जडलं की सहसा जन्मभर राहतं. ते मुळापासून घालवणारं औषध अजून नाही. त्यामुळे होणारं इसब मात्र बहुतेक वेळा टाळता येतं. त्यासाठी धातूच्या प्रत्येक वस्तूबाबत एक प्रश्न विचारायची सवय लावावी लागते. त्या वस्तूत निकेल आहे किती, यापेक्षा त्वचेवर सुटतं किती?

घाम, आयन आणि लक्षात ठेवणाऱ्या पेशी

कोरड्या त्वचेवर क्षणभर टेकलेलं निकेल फारसं काही करत नाही. घामात मीठ असतं आणि थोडं लॅक्टिक आम्लही असतं. या दोन्हींमुळे धातू किंचित गंजतो आणि निकेलचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात. ते त्वचेच्या वरच्या थरातून आत झिरपतात आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतात. रोगप्रतिकार यंत्रणेला ही जोडी परकी वाटते.

माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. २०१० साली जर्मन संशोधकांच्या एका गटानं दाखवून दिलं, की जंतूंची चाहूल घेण्यासाठी पेशींवर असलेल्या टीएलआर-४ या प्रथिनाला निकेलचे आयन थेट जाऊन बिलगतात. जंतू नसतानाही धोक्याची घंटा वाजते. उंदराच्या याच प्रथिनात निकेलला पकडणारा भाग नसतो, म्हणून प्रयोगशाळेतल्या उंदरांना निकेलची ॲलर्जी सहजी होत नाही. माणसाला ती इतकी का होते, याचं एक कारण त्यातून उलगडलं.

पहिल्या स्पर्शाला बाहेरून काहीच दिसत नाही. आत मात्र निकेल ओळखणाऱ्या टी-पेशींची फौज तयार होत असते. त्याला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात, कधी स्पर्श वर्षानुवर्षं घडल्यावरच ती तयार होते. म्हणून ‘हे घड्याळ तर मी पाच वर्षं वापरतोय’ हा युक्तिवाद डॉक्टरांना पटत नाही. फौज तयार झाल्यानंतर पुढच्या स्पर्शाला एक ते तीन दिवसांत लाली, खाज, बारीक पुरळ, कधी पाण्याचे फोड येतात. हा उशीरच माणसाला चकवतो. शनिवारी लग्नात घातलेल्या हारानं मान सोमवारी खाजते आणि दोष रविवारी खाल्लेल्या कोळंबीला दिला जातो.

सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही. पुरळ बसल्यावर उरलेला काळा डाग मात्र अनेक महिने जात नाही. आपल्याकडे बरेच जण डॉक्टरांकडे जातात ते या डागासाठी.

फॅशनबरोबर सरकणारा चट्टा

या आजाराचा इतिहास म्हणजे माणसानं अंगावर कुठे धातू वागवला याचा इतिहास आहे. सुरुवातीला तो कारखान्यापुरता होता. १८८९ साली बर्लिनचे त्वचारोगतज्ज्ञ आल्फ्रेड ब्लाश्को यांनी मुलामा देणाऱ्या कामगारांच्या हातांवरच्या इसबाचं वर्णन केलं. १८९५ साली योसेफ याडासोन यांनी ऑस्ट्रियातल्या ग्राट्स इथे भरलेल्या परिषदेत पॅच टेस्टची कल्पना मांडली. संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवायचा आणि वाट पाहायची, इतकी ती साधी होती. १९२५ साली कील इथल्या शिटेनहेल्म आणि श्टोकिंगर यांनी याच पद्धतीनं निकेलची संवेदनशीलता सिद्ध केली.

मग निकेल कारखान्यातून घरात आलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातल्या बायका लांब मोजे धातूच्या चिमट्यांनी मांडीपाशी अडकवत, आणि इसबही मांडीवरच उठे. लंडनमध्ये चार्ल्स कॅलनन यांनी १९५६ साली अशा रुग्णांचा सविस्तर अभ्यास छापला. साठच्या दशकात अंगालगतचे अखंड मोजे आले, चिमटे गेले आणि मांडीवरचे चट्टे कमी झाले. सत्तरच्या दशकात जीन्स आली आणि चट्टा नाभीखाली सरकला. पाठोपाठ कान टोचून घेण्याची लाट आली. एका कानात एकापेक्षा जास्त भोकं पडू लागली आणि पाळ्या हेच निकेलचं मुख्य प्रवेशद्वार ठरलं.

नव्या शतकात मोबाइल फोनच्या धातूच्या कडांमुळे गालावर आणि कानाजवळ पुरळ उठल्याच्या नोंदी झाल्या. २०१४ साली ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात सॅन दिएगोच्या अकरा वर्षांच्या एका मुलाची हकीकत आली. त्याच्या अंगावरचं इसब नेहमीच्या उपचारांना दाद देत नव्हतं. शोध घेता घेता बोट घरातल्या आयपॅडकडे गेलं. त्याच्या पृष्ठभागाची चाचणी केली तर निकेल सापडलं. आयपॅडला आवरण घातल्यावर मुलाची त्वचा सुधारली. इसब बरं करायला घरातली कोणती वस्तू झाकायची, एवढंच शोधायचं होतं.

अर्ध्या मायक्रोग्रॅमचा कायदा

आता ‘आहे किती, सुटतं किती’ या प्रश्नाकडे. स्वयंपाकघरातलं चांगलं स्टील बहुधा ३०४ प्रतीचं असतं. त्यात आठ ते साडेदहा टक्के निकेल असतं. एखाद्या स्वस्त कानातल्यावरचा निकेलचा थर त्या मानानं नगण्य असतो. तरीही स्टीलचा डाव दिवसभर हाताळणाऱ्या बाईच्या हाताला काही होत नाही आणि तिचाच कान कानातल्यानं चिघळतो. स्टीलमधल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिपातळ, घट्ट पापुद्रा तयार होतो आणि निकेल आतच अडकून पडतं. मुलाम्याखालच्या निकेलला असं कवच नसतं.

हे तत्त्व कायद्यात पहिल्यांदा उतरवलं डेन्मार्कनं. तिथले त्वचारोगतज्ज्ञ टोर्किल मेन्ने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळे मिश्रधातू ॲलर्जी असलेल्या लोकांच्या त्वचेवर लावून पाहिले. ज्या धातूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा कमी निकेल सुटतं, त्यानं बहुतेकांना त्रास होत नाही, असं दिसलं. १९९० पासून डेन्मार्कमध्ये हीच मर्यादा लागू झाली. १९९४ साली युरोपीय संघानं तिचा निर्देश काढला आणि २००१ पर्यंत तो पूर्णपणे अमलात आला. टोचलेल्या भोकात बसणाऱ्या दांडीसाठी मर्यादा आणखी कडक आहे, आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅम. तिथे धातूची गाठ थेट जखमेशी असते.

तपासणीही या तत्त्वाला धरूनच होते. मीठ, लॅक्टिक आम्ल आणि युरिया घालून कृत्रिम घाम बनवतात. त्यात दागिना ३० अंश सेल्सिअसला आठवडाभर बुडवून ठेवतात आणि मग द्रवात किती निकेल उतरलं ते मोजतात. मुलामा दिलेली वस्तू असेल तर आधी दोन वर्षांच्या वापराइतकी ती घासून-झिजवून घेतात, म्हणजे नवेपणाच्या झगमगाटावर कुणी तरून जाऊ नये.

परिणाम दिसायला फार वर्षं लागली नाहीत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या डॅनिश अभ्यासात शाळकरी मुलींच्या दोन वयोगटांची तुलना होती. कायद्याआधी कान टोचण्याचं वय गाठलेल्या मोठ्या मुलींमध्ये १७.१ टक्के, तर कायद्यानंतर कान टोचलेल्या धाकट्या मुलींमध्ये ३.९ टक्के मुलींना निकेलची संवेदनशीलता आढळली.

गंमत म्हणजे त्याच २००२ साली युरोपनं नवी नाणी चलनात आणली आणि स्वतःचीच मर्यादा ओलांडली. ‘नेचर’मध्ये आलेल्या एका टिपणानुसार एक आणि दोन युरोच्या नाण्यांतून निकेल मर्यादेच्या २४० ते ३२० पट सुटत होतं. या नाण्यांत दोन वेगळे मिश्रधातू एकमेकांना खेटून असतात. घाम लागला की त्यांची इवलीशी बॅटरी तयार होते आणि धातू लवकर गंजतो. नाण्यांना कायदा लागू नव्हता, कारण ती हातात क्षणभरच राहतात. आपल्या वीस रुपयांच्या नाण्याच्या कड्यातही २० टक्के निकेल आहे. सुटे मोजून देणाऱ्या बहुतेकांना त्यानं काही होत नाही. बसच्या कंडक्टरला किंवा रोखपालाला निकेलचं वावडं असेल आणि हातांवर इसब असेल, तर मात्र नाण्यांचा विचार करावा लागतो.

‘क्षणभर’ आणि ‘दीर्घकाळ’ यांतली रेघही युरोपीय रसायन संस्थेनं २०१४ साली आखून दिली. दोन आठवड्यांत तीन किंवा अधिक वेळा प्रत्येकी दहा मिनिटांहून जास्त, किंवा एकदा जरी तीस मिनिटांहून जास्त स्पर्श झाला, तर तो दीर्घ मानायचा. घरातल्या वस्तूंची छाननी करतानाही हे माप हाताशी ठेवण्यासारखं आहे. किल्ली, दाराची कडी, चमचा या वस्तूंमुळे सहसा बिघडत नाही. चश्म्याची दांडी, घड्याळाचं बक्कल, अंतर्वस्त्राचा हूक, मंगळसूत्र या वस्तूंमुळे बिघडतं.

कान टोचताना

प्रतिबंधाची सर्वांत चांगली वेळ असते ती वावडं जडण्याआधीची, म्हणजे कान टोचण्याचा दिवस. महाराष्ट्रात तान्ह्या बाळाचे कान सोनाराकडून सोन्याच्या तारेनं टोचून घेण्याची रीत आहे, आणि निकेलच्या दृष्टीनं ती शहाणपणाची आहे. ताजी जखम, त्यातून पाझरणारी लस आणि दिवसरात्र तिथेच असलेला धातू ही ॲलर्जी जडण्यासाठी सर्वांत सोयीची परिस्थिती. पाळीची जखम भरायला साधारण सहा आठवडे लागतात. तेवढा काळ भोकात निकेल सोडणारा धातू नसला, तर मोठा धोका टळतो.

ब्यूटी पार्लरमध्ये बंदुकीनं टोचताना बसवल्या जाणाऱ्या खड्याच्या टिकलीबद्दल चौकशी करावी. ‘गोल्ड प्लेटेड’ म्हणजे सोनं नव्हे. ‘सर्जिकल स्टील’ या शब्दाचाही अर्थ निकेलमुक्त असा होत नाही. त्या स्टीलमध्ये दहा टक्क्यांहून अधिक निकेल असू शकतं, ते फक्त घट्ट धरलेलं असतं. ताज्या भोकासाठी २२ कॅरट सोनं, शुद्ध टायटॅनियम किंवा नायोबियम चांगलं. नुसत्या दांडीवर समाधान मानू नये, मागची फिरकीही त्याच धातूची हवी. पुढून सोनं आणि मागून भलतीच फिरकी, यामुळे ‘सोन्यानंही कान पिकतो’ अशी तक्रार पुष्कळदा येते.

युरोपातल्या काही अभ्यासांतून एक वेगळी गोष्ट पुढे आली. ज्या मुलांच्या दातांना कान टोचण्याआधी तारा बसल्या होत्या, त्यांच्यात निकेलची ॲलर्जी तुलनेनं कमी आढळली. त्या तारांतून तोंडात थोडं थोडं निकेल सुटत राहतं. तोंडावाटे आधी ओळख झाली की शरीर त्या पदार्थाला सहन करायला शिकतं, असा त्याचा अर्थ लावला जातो. यावरून कुणी मुलांच्या दातांना विनाकारण तारा लावाव्यात असं नाही, पण टोचलेला कान हाच या ॲलर्जीचा राजमार्ग आहे हे त्यातून पुन्हा दिसतं.

गुलाबी बोळा

कोणत्या वस्तूतून निकेल सुटतं, हे घरीही तपासता येतं. रशियन रसायनशास्त्रज्ञ लेव चुगायेव यांनी १९०५ साली शोधून काढलं, की डायमिथाइलग्लायॉक्साइम हे रसायन निकेलशी संयोग पावून गडद गुलाबी-लाल रंग देतं. त्यावर आधारलेले चाचणी संच विकत मिळतात. कापसाच्या बोळ्यावर द्रावणाचे थेंब घ्यायचे आणि वस्तूवर अर्धा मिनिट घासायचं. बोळा गुलाबी झाला तर ती वस्तू त्वचेपासून लांब ठेवायची. दागिन्याला इजा होत नाही. बोळा पांढराच राहिला, तर वस्तू शंभर टक्के निर्दोष ठरत नाही. मुलामा अजून शाबूत असेल तर खालचं निकेल आज लपून राहतं आणि सहा महिन्यांनी बाहेर येतं. म्हणून रोजच्या वापरातल्या वस्तू अधूनमधून पुन्हा तपासाव्यात. ज्यांनी आधीच पॅच टेस्ट करून घेतली आहे, त्यांना या संचाचा खरा उपयोग.

घरोघरी चालणारी चुंबकाची परीक्षा मात्र इथे कामाची नाही. भांडीवाल्याकडे चुंबक चिकटला तर ‘हलकं स्टील’ म्हणून नाक मुरडलं जातं. प्रत्यक्षात चुंबकाला चिकटणाऱ्या ४३० प्रतीच्या स्टीलमध्ये निकेल जवळजवळ नसतं आणि न चिकटणाऱ्या ३०४ मध्ये भरपूर असतं. शिवाय शुद्ध निकेलही चुंबकाला चिकटतं. तेव्हा चुंबकावरून कानातल्याची निवड करायला जाऊ नये.

पॅच टेस्टची पद्धत याडासोन यांच्यापासून फार बदललेली नाही. व्हॅसलिनमध्ये मिसळलेलं निकेल सल्फेट इतर पदार्थांसोबत छोट्या कप्प्यांत भरून पाठीवर चिकटवतात. भारतात आणि युरोपात त्याचं प्रमाण पाच टक्के ठेवतात. पट्टी ४८ तासांनी काढतात आणि त्याच दिवशी व पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा पाहतात. दरम्यान पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. उन्हाळ्यात, विशेषतः कोकणात, हे पथ्य अवघडच. म्हणून जमेल तर थंडीतली तारीख घेणं सोयीचं.

कपाटापासून ओट्यापर्यंत

चाचणीनं निकेल पक्कं झालं की पहिला मोर्चा दागिन्यांच्या डब्याकडे. हॉलमार्कच्या २२ कॅरट सोन्यात उरलेला भाग बहुधा तांबं आणि चांदीचा असतो, ते चालतं. ‘व्हाइट गोल्ड’ घेताना सावध राहावं. सोन्याचा पिवळेपणा घालवायला त्यात पुष्कळदा निकेल वापरतात, आणि निकेलऐवजी पॅलॅडियम असेल तर निकेलचं वावडं असलेल्या बऱ्याच जणांना तेही सोसत नाही. ९२५ शिक्क्याच्या चांदीत उरलेलं बहुधा तांबंच असतं. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये मात्र चांदीचा अंशही नसतो. ते तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण आहे. पूजेच्या तबकात ते असायला हरकत नाही. नवरात्रात गरब्यासाठी घातलेल्या त्याच धातूच्या जड हारावर तासन्‌तास घाम ओघळतो, तेव्हा गळा सांगून टाकतो.

मंगळसूत्राचा प्रश्न नाजूक असतो, कारण ते झोपताना आणि आंघोळीतही गळ्यात राहतं. रोजच्या वापरासाठी घेतलेलं एक ग्रॅम सोन्याचं मंगळसूत्र मानेवर काळी रेघ उमटवू लागलं, तर जुना उपाय कामी येतो. वाट्या खऱ्या सोन्याच्या ठेवायच्या आणि काचेचे काळे मणी पटवेकऱ्याकडून रेशमी दोऱ्यात गुंफून घ्यायचे. धातूची तार आणि फासा दोन्ही टळतात. कपाळावरच्या टिकलीखाली पडणारा पांढरा डाग मात्र निकेलमुळे पडत नाही. त्याला टिकलीच्या चिकट गोंदातलं रसायन कारणीभूत असतं, म्हणून त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

कपड्यांत परकराची नाडी निर्धोक. ब्लाउजचे हूक, साडीला लावलेली सेफ्टी पिन, ब्राचे हूक आणि कड्या यांच्याकडे पाहावं. हूक प्लॅस्टिकचे लावून घेता येतात किंवा त्यांच्यामागे जाड सुती पट्टी शिवता येते. जीन्सचं धातूचं बटण काढून प्लॅस्टिकचं बसवणं शिंप्याला पाच मिनिटांचं काम आहे. नुसता बनियन खोचल्यानं भागत नाही, कारण तो घामानं भिजला की निकेल त्यातूनही पार होतं. चश्म्यासाठी प्लॅस्टिकची किंवा पूर्ण टायटॅनियमची चौकट बरी. फोनला आणि टॅबलेटला आवरण घालावं.

नेलपॉलिशचा उपाय सर्वपरिचित आहे. बटणाच्या किंवा कानातल्याच्या मागे रंगहीन नेलपॉलिशचे दोन-तीन हात दिले की काही दिवस सुखाचे जातात. ते टवके निघून उडतं, म्हणून दर काही दिवसांनी पुन्हा लावावं लागतं, आणि रोजच्या कानातल्यासाठी त्याच्या भरवशावर राहणं बरं नव्हे. प्रवीण कुमार वेमुला आणि जेफ्री कार्प यांच्या गटानं २०११ साली ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’त एक वेगळी वाट दाखवली. त्यांनी मलमात कॅल्शियम कार्बोनेट किंवा कॅल्शियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म कण मिसळले. ते कण निकेलचे आयन त्वचेत शिरण्याआधीच धरून ठेवतात आणि पाण्यानं धुतले की निघून जातात.

स्वयंपाकघरात घाबरण्यासारखं फार काही नाही. टोमॅटोसारखे आंबट पदार्थ स्टीलमध्ये तासन्‌तास शिजवले तर थोडं निकेल अन्नात उतरतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात दिसलं, की नव्या भांड्यातून ते सर्वांत जास्त सुटतं आणि वापरागणिक कमी होत सहाव्या खेपेच्या सुमारास स्थिरावतं. ज्याची ॲलर्जी तीव्र आहे त्यानं चिंच-आमसुलाची आमटी मातीच्या, काचेच्या किंवा एनॅमलच्या भांड्यात करावी, एवढं पुरे.

पानातलं निकेल

निकेल मातीत आहे, म्हणून ते धान्यातही आहे. रोजच्या जेवणातून साधारण १०० ते ३०० मायक्रोग्रॅम पोटात जातं आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. काही थोड्या जणांना मात्र कानातली काढूनही तळहातांवर, बोटांच्या कडांना पाण्याचे बारीक फोड येत राहतात, किंवा जुने चट्टे पुन्हा उसळतात. अशा रुग्णांना डॉक्टर काही आठवड्यांसाठी कमी निकेलचा आहार सुचवतात. त्यात कोको आणि चॉकलेट, ओट्स, सोयाबीन, काजू, शेंगदाणे, डाळी-कडधान्यं कमी करायची असतात. मराठी घरात ही यादी ऐकून स्वयंपाक करणारी बाई हबकते, कारण कुटाशिवाय भाजी आणि आमटीशिवाय भात कसा व्हायचा? म्हणूनच हे पथ्य स्वतःच्या मनानं सुरू करू नये. शाकाहारी माणसाच्या ताटातली प्रथिनं त्यात सहज निघून जातात. सहा-आठ आठवड्यांत फरक पडला नाही तर ते सोडून देणंच बरं.

दोन गोष्टी मात्र कुणालाही करता येतात. उपाशीपोटी पाण्यातून घेतलेलं निकेल शरीरात पुष्कळ शोषलं जातं, अन्नाबरोबर घेतलेलं फारच थोडं. एका प्रयोगात हे प्रमाण पाण्यातून २७ टक्के आणि अन्नातून एक टक्क्याहूनही कमी निघालं होतं. म्हणून रात्रभर नळाच्या धातूला टेकून साठलेलं पहिलं पाणी पिण्यासाठी न भरता सोडून द्यावं. दुसरं, रक्तात लोह कमी असेल तर आतडं लोहाच्या वाटेनं निकेलही अधिक ओढून घेतं. आपल्याकडच्या बायकांमध्ये पंडुरोग इतका सर्रास आहे, की निकेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन तपासून घेणं केव्हाही शहाणपणाचं.

पुरळ उठल्यावर

पहिलं काम वस्तू काढणं आणि जागा साध्या पाण्यानं धुणं. थंड पाण्याची घडी ठेवावी, साधा मॉइश्चरायझर लावावा. डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टेरॉइड मलम काही दिवसांत खाज शमवतं. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, स्टेरॉइड-बुरशीनाशक-प्रतिजैविक अशी तिहेरी मिश्रणाची मलमं टाळावीत. त्यांनी निकेलचं इसब झाकलं जातं, खरोखरीचं गजकर्ण असेल तर ते पसरतं, आणि त्वचा पातळ होते ती वेगळीच. लस येत असेल, दुखत असेल, ताप असेल तर जंतुसंसर्गाची शक्यता धरून लगेच दाखवावं.

शेवटी शस्त्रक्रियेबद्दल, कारण ही भीती अनेकांच्या मनात असते. हृदयाच्या काही स्टेंटमध्ये निकेलयुक्त स्टील असतं. हृदयातलं भोक बुजवणारी साधनं आणि दातांच्या लवचीक तारा ज्या निटिनॉलच्या असतात, त्यात जवळपास ५५ टक्के निकेल असतं. तरीही निकेलचं वावडं असलेल्या बहुसंख्य रुग्णांना या साधनांचा त्रास होत नाही, कारण तिथेही पृष्ठभागावर घट्ट ऑक्साइडचा थर असतो. गरजेचा स्टेंट या भीतीपोटी नाकारणं धोक्याचं. पॅच टेस्टचा कागद मात्र फाइलमध्ये ठेवावा, आणि दंतवैद्य, अस्थिरोगतज्ज्ञ किंवा हृदयरोगतज्ज्ञ यांना आधीच दाखवावा. गुडघ्याच्या सांध्यासाठी टायटॅनियमचा किंवा लेपन केलेला पर्याय उपलब्ध असतो आणि तो मागवायला वेळ लागतो, त्यामुळे ही माहिती शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी न देता पहिल्याच भेटीत द्यावी.